रिकामी खुर्ची, उघडे पुस्तक

शाळेत लेखक येणार म्हटले की तयारीला सुरुवात होते. फळ्यावर रंगीत खडूंनी स्वागताचा मजकूर लिहिला जातो, शाल-श्रीफळ आणले जाते, परिचय करून देण्याची जबाबदारी एका शिक्षकांवर आणि आभाराची दुसऱ्यांवर सोपवली जाते. कार्यक्रम साधारण दीड तासाचा असतो. एकदा घड्याळ समोर ठेवून या दीड तासाची विभागणी मांडून पाहावी. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, पाहुण्यांचे मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार. या यादीत लेखकाने स्वतःच्या पुस्तकातील किती पाने वाचली? बहुतेक वेळा उत्तर येते : एकही नाही. पुस्तक टेबलावर पुष्पगुच्छाशेजारी मिटलेलेच राहते. मुले लेखक पाहतात, लेखन ऐकत नाहीत.

विज्ञानलेखकाच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. कवी आला तर निदान दोन कविता म्हणतो. विज्ञानलेखक आला की त्याला ‘विज्ञान आणि समाज’ असा एखादा मोठा विषय दिला जातो आणि तो व्याख्यान देऊन जातो. व्याख्यान वाईट नसते, पण व्याख्यान आणि वाचन या वेगळ्या गोष्टी आहेत. व्याख्यानात बोलणारा वाक्ये त्या क्षणी घडवतो, अडले तर बदलतो. वाचनात वाक्ये आधीच ठरलेली, छापलेली असतात. तीच वाक्ये घरी जाऊन पुन्हा तपासता येतात. मजकूर तपासायला शिकवणे हे विज्ञानशिक्षणाचे एक मुख्य काम आहे. म्हणून विज्ञानकथेच्या जाहीर वाचनाचा विचार आम्ही येथे करीत आहोत. त्यासाठी नाशिकचे उदाहरण आणि एक कथा घेतली आहे.

ऐकणारे शहर

नाशिकला ऐकण्याची सवय जुनी आहे. तेथील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालची. गोदाकाठावर भरणारी वसंत व्याख्यानमाला १९२२ साली सुरू झाली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घाटावर बसून व्याख्यान ऐकणाऱ्यांच्या पिढ्या तेथे झाल्या. वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, याच शहरात राहिले. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोहोचवल्या.

अशा शहरात ३ ते ५ डिसेंबर २०२१ या दिवसांत ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. करोनाच्या साथीमुळे ते आधी पुढे ढकलावे लागले होते. संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. विज्ञानकथा लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला हा मान मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. उद्घाटक होते कादंबरीकार विश्वास पाटील, ज्यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ पासून मराठी घरांत वाचली जात आहे.

नारळीकर मात्र प्रकृतीच्या कारणाने नाशिकला येऊ शकले नाहीत. संमेलनात अध्यक्षांची उपस्थितीच नव्हती. त्याबद्दल नाराजीचा सूर निघाला, आणि तो समजण्यासारखाही होता. दूरदूरहून आलेल्या श्रोत्यांना आपला लेखक डोळ्यांनी पाहायचा होता. पण या प्रसंगाची दुसरी बाजूही आहे. लेखक आला नाही, तरी त्याची पुस्तके आलेली होतीच. त्या मंडपात कोणी एक खुर्ची मांडून त्यांची एखादी कथा सलग मोठ्याने वाचली असती, तर अध्यक्षांची अनुपस्थिती किती भरून निघाली असती? आम्हाला वाटते, बरीच. त्यातही एक कथा अशी आहे, की तिच्यात रिकाम्या खुर्चीचाच प्रसंग येतो.

गंगाधरपंतांचे पानिपत

ती कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. अनेक शिक्षक तिला दुसऱ्या नावाने ओळखतात. एनसीईआरटीच्या २००६ साली आलेल्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने ती संक्षिप्त रूपात घेतली गेली.

कथानक थोडक्यात असे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे आगगाडीने पुण्याहून मुंबईला निघतात. मुंबईत पोहोचतात तेव्हा तेथे ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार चालू असलेला दिसतो. मुलगा ज्या कचेरीत असायला हवा, तेथे त्या नावाचा कोणी नाही. ते इतिहासकार असल्यामुळे ग्रंथालय गाठतात आणि आपल्या ओळखीचा इतिहास नेमका कोठे वळला याचा शोध घेतात. तो वळतो १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर. आपल्या इतिहासात विश्वासराव गोळी लागून पडले. त्या जगात गोळी त्यांना चाटून गेली आणि मराठे जिंकले.

संध्याकाळी गंगाधरपंत आझाद मैदानावर जातात. तेथे एक व्याख्यान चालू आहे, पण व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी आहे. ज्या गृहस्थांनी आयुष्यात ९९९ सभांचे अध्यक्षपद भूषवले, त्यांना हे कसे पाहवेल? ते सरळ जाऊन खुर्चीत बसतात. श्रोते संतापतात. त्या जगातील लोक परिचय, अध्यक्षीय भाषण, आभार या साऱ्याला कंटाळलेले आहेत, त्यांनी ही प्रथाच बंद केली आहे. त्यांना फक्त वक्त्याला ऐकायचे आहे. गंगाधरपंत तरीही बोलू लागतात, आणि मग त्यांच्यावर जे हाताला येईल ते फेकले जाते.

ही कथा मनात वाचताना हा प्रसंग गमतीचा वाटतो. सभेत मोठ्याने वाचली, की तो समोर बसलेल्यांच्या अंगावर येतो, कारण त्यांच्याही समोर टेबल, खुर्च्या आणि हार असतात. नारळीकरांच्या गद्यात अलंकार कमी आहेत, त्यांची वाक्ये सरळ आणि आटोपशीर असतात. काही समीक्षकांना ते रुक्ष वाटेल. कानाला मात्र ते सोयीचे आहे. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही, म्हणून त्याला एका वेळी एकच गोष्ट सांगणारे वाक्य लागते. परिभाषेचेही तसेच. ‘कृष्णविवर’ हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलालाही काळे आणि विवर एवढे तर कळतेच. परिभाषेचा शब्द चांगला आहे की नाही याची पहिली परीक्षा कानाची असते.

मोठ्याने वाचल्यावर उणिवाही ऐकू येतात. या कथेतील माणसे बहुतांशी कल्पनेची वाहक आहेत. त्यांचे बोलणे एकमेकांहून फारसे वेगळे नाही. वाचणाऱ्याने दोन आवाज काढायचे ठरवले, तर संवादांतून त्याला फारशी मदत मिळत नाही. ही उणीव मान्य करूनही कथा टिकते, कारण तिची कल्पना भक्कम आहे. पुढचा प्रश्न मात्र तिच्यातील विज्ञानाचा आहे, आणि तो शिक्षकांच्या अधिक कामाचा आहे.

गोळी आणि इलेक्ट्रॉन

कथेच्या शेवटच्या भागात गंगाधरपंत आपल्या जगात परत येतात आणि राजेंद्र देशपांडे या मित्राला सारी हकिगत सांगतात. राजेंद्र प्रथम ही कल्पनेची भरारी समजतो. मग गंगाधरपंत त्या जगातील पुस्तकाचे फाटलेले एक पान त्याच्यासमोर ठेवतात, आणि राजेंद्रला विचार करावा लागतो. येथे वाचन थांबवून वर्गाला विचारावे : एका पानाने काय सिद्ध होते? कागद, शाई, छपाई यांची कोणती तपासणी करता येईल? ते पान खोटे असण्याच्या किती शक्यता आहेत? नारळीकरांनी गंगाधरपंतांच्या हाती वस्तुरूप पुरावा दिला आहे, नुसते स्वप्न दिलेले नाही. विज्ञानकथा आणि परीकथा यांतला फरक याहून सोप्या रीतीने क्वचितच दाखवता येईल.

नंतर राजेंद्र दोन सिद्धांतांचा आधार घेतो. पहिला, कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांत. एखाद्या रचनेत अगदी लहानशा कारणाने मोठा आणि अचानक बदल कसा होतो, याचे ते गणित. दुसरा, पुंज सिद्धांत, म्हणजे क्वांटम थिअरी. इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेने जाईल हे नक्की सांगता येत नाही, अनेक शक्यता असतात, आणि प्रत्येक शक्यतेचे एक जग असू शकेल, अशी ही मांडणी. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली मांडलेल्या अनेक विश्वांच्या कल्पनेशी ती जुळणारी आहे.

डोळ्यांनी वाचताना हे दोन सिद्धांत एकमेकांत सहज मिसळतात. मोठ्याने वाचताना मात्र जोड लक्षात येतो, आणि एखादा चौकस विद्यार्थी हात वर करतो. कारण राजेंद्र स्वतःच सांगतो, की बंदुकीच्या गोळीचे तसे नाही, तिची दिशा आणि वेग माहीत असेल तर ती कोठे पोहोचेल हे सांगता येते. मग पानिपतावर जी चुकली ती गोळीच होती ना?

हा प्रश्न टाळू नये. आकडे मांडून पाहू या. गोळी २० ग्रॅम वजनाची आणि तिचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरू. पुंज सिद्धांतानुसार प्रत्येक वस्तूला तरंगलांबी असते, आणि प्लांकचा स्थिरांक भागिले वस्तुमान गुणिले वेग एवढी ती असते. हा भागाकार केला, तर या गोळीची तरंगलांबी मीटरमध्ये लिहिताना दशांश चिन्हानंतर ३३ शून्ये द्यावी लागतात, मग कुठे एक हा आकडा येतो. प्रोटॉनचा आकार लिहायला १४ शून्ये पुरतात. म्हणजे गोळीची तरंगलांबी प्रोटॉनच्याही आकारापेक्षा, एकावर १९ शून्ये दिली असता होणाऱ्या संख्येइतक्या पटींनी लहान आहे. एवढ्या सूक्ष्म परिणामामुळे गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाणार नाही.

तर मग गोळी चुकू शकत नव्हती का? अवश्य चुकू शकत होती, आणि त्यासाठी पुंज सिद्धांताची गरजच नाही. बंदुकीची नळी एक मीटर लांब आहे असे समजा. दस्त्याशी बंदूक स्थिर आहे, पण धाप लागल्यामुळे नळीचे तोंड एक मिलिमीटर बाजूला सरकले. शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाईल. माणसाच्या डोक्याची रुंदी साधारण पंधरा सेंटिमीटर. तेव्हा कपाळ की मोकळी हवा हे एका मिलिमीटरने ठरते. त्या मिलिमीटरमागे बारीक कारणे असंख्य असतात : घोड्याने मान हलवली, वाऱ्याची झुळूक आली, दारू किंचित दमट होती. न्यूटनच्या यामिकीतही लहान फरकातून मोठा परिणाम निघतो. तो वर्तवणे कठीण आहे, याचा अर्थ तो अकारण आहे असा होत नाही. ‘सांगता येत नाही’ याचे हे दोन अर्थ कथेत जवळजवळ ठेवल्याने एक वाटतात. शिक्षकाने ते वेगळे करून दाखवावेत.

अनेक विश्वांच्या मांडणीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. तिच्यात एका विश्वातून दुसऱ्यात जाऊन परत येण्याची सोय नाही. गंगाधरपंतांचा प्रवास ही लेखकाने घेतलेली सूट आहे. अशी सूट घेण्याचा विज्ञानकथेला हक्क आहे. सूट कोठे घेतली हे ओळखता येणे ही वाचकाची तयारी.

पट्टीचा प्रयोग

कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांताचे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. फ्रेंच गणितज्ञ रने थॉम यांनी तो १९७२ सालच्या ग्रंथात मांडला आणि इंग्लंडमधील ख्रिस्तोफर झीमन यांनी तो लोकांपुढे नेला. त्याची मूळ कल्पना वर्गात दाखवायला प्लास्टिकची तीस सेंटिमीटरची पट्टी पुरते.

पट्टी टेबलावर उभी धरा. वरून दाब देऊ नका. आता मध्यभागी बोटाने हलकेच बाजूला ढकला. पट्टी थोडी वाकते, बोट काढले की सरळ होते. लहान कारण, लहान परिणाम. आता तळहाताने वरून दाब वाढवत न्या. काही मर्यादेपर्यंत पट्टी सरळ उभी राहते, मग एकाएकी डावीकडे किंवा उजवीकडे बाक घेते. समजा डावीकडे घेतला. दाब तसाच ठेवून फुगलेल्या बाजूने बोटाने हळूहळू ढकला. थोडा वेळ काहीच घडत नाही, आणि एका क्षणी पट्टी खट्कन उजवीकडे उलटते. ढकलणे हळूहळू होते, उलटणे मात्र अचानक. मुलींच्या केसांना लावायची टक्कन उघडमीट होणारी पिनही हेच करते.

या प्रयोगात कारणे दोन आहेत : वरून येणारा दाब आणि बाजूचा धक्का. दाब नसेल तर धक्क्याला महत्त्व नाही. दाब पुरेसा असेल तर जराशा धक्क्याने सारे उलटते.

आता पुन्हा पानिपताकडे येऊ. त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ ज्यांनी वाचला आहे, त्यांना ठाऊक आहे, की गोळी लागण्यापूर्वीच मराठी सैन्यावर दाब वाढत गेला होता. रसद तुटली होती, माणसे आणि जनावरे उपाशी होती, न लढणाऱ्यांचा मोठा जमाव सैन्याबरोबर होता. विश्वासराव पडले, भाऊसाहेब गर्दीत शिरले, सैन्याचा धीर सुटला. पोट भरलेल्या, परतीची वाट मोकळी असलेल्या फौजेत एका सरदाराच्या पडण्याने एवढा अनर्थ झाला असता का? कथेत गोळी ठळक आहे, दाब मात्र पुसट. आमच्या मते ही या कथेची सर्वांत मोठी मर्यादा आहे, आणि वर्गात चर्चा करण्यासाठी तीच सर्वांत उपयोगी जागा आहे. इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी एकत्र तासिका घ्यावी असा हा विषय आहे.

सावधगिरीचा एक शब्दही येथे हवा. पट्टीवरचा दाब मोजता येतो. सैन्याचा धीर कोणत्या मापाने मोजणार? १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही गणितज्ञांनी नेमकी हीच हरकत घेतली होती, की मोजमाप नसलेल्या सामाजिक घटनांना हे गणित लावले जात आहे. पट्टी आणि पानिपत यांच्यात साम्य आहे. साम्याने विचाराला दिशा मिळते, पुरावा मिळत नाही. हा फरक मुलांना एकदा कळला, की वर्तमानपत्रातील निम्मी विधाने ती स्वतःच तपासू लागतील.

नाव झाकून

या लेखकाला स्वतःचे लेखन नावाशिवाय तोलले जावे असे वाटत होते, याला आधार आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिला पारितोषिक क्रमांक मिळाला. त्या वेळी ते जगद्विख्यात होते. नावानिशी कथा पाठवली असती तर परीक्षकांनी कथा पाहिली की नाव, हे कधीच कळले नसते. शास्त्रज्ञ प्रयोगात बाकीचे घटक बाजूला काढतो आणि एकाच घटकाचा परिणाम पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

मुलांशी त्यांचा व्यवहारही याच पद्धतीचा होता. व्याख्यानानंतर मुले सही मागायला येत. ते सांगत, की पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. सहीची वही कपाटात जाते, प्रश्नाला मात्र उत्तर येते आणि त्यातून दुसरा प्रश्न निघतो. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. आता त्यांची सही कोणाला मिळणार नाही. प्रश्न विचारण्याची रीत मात्र कोणत्याही शाळेला उचलता येईल.

दुकान का?

आता जागेचा प्रश्न. असे वाचन सभागृहात करण्याऐवजी पुस्तकांच्या दुकानात करावे, असे आम्ही सुचवतो. दुकान म्हणजे गावातील, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो आणि कोणते पुस्तक कोणत्या फळीवर आहे हे ज्याला तोंडपाठ असते, तसे.

विज्ञानाच्या इतिहासात अशा दुकानाचे ऋण मोठे आहे. मायकेल फॅरडे १८०५ साली, चौदा वर्षांचा असताना, लंडनच्या ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रिबो यांच्या दुकानात पुस्तकबांधणी शिकायला लागला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो वाचत असे. जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील पुस्तक त्याने तेथेच वाचले. ते पुस्तक एक बाई आणि दोन विद्यार्थिनी यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेले आहे, म्हणजे मोठ्याने वाचावे असेच. १८१० पासून एक शिलिंग देऊन तो टेटम यांच्या व्याख्यानांना जाऊ लागला. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींकडे पाठवली. १८१३ च्या मार्चमध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाला. पुढे याच फॅरडेने मेणबत्तीवर मुलांसाठी व्याख्याने दिली. ती १८६१ साली पुस्तकरूपाने आली आणि आजही वाचली जातात. या साऱ्या साखळीत पहिला दुवा दुकान आहे, कारण तेथे पुस्तक हाताला लागत होते आणि गिऱ्हाइकाशी बोलणे होत होते.

दुकानात व्यासपीठ मांडायला जागा नसते, हा त्याचा गुणच आहे. वीस-पंचवीस माणसे दाटीवाटीने बसतात. मागच्या रांगेतला मुलगाही वाचणाऱ्यापासून चार हातांवर असतो, प्रश्न विचारायला त्याला ध्वनिक्षेपक लागत नाही. वाचलेले पुस्तक शेजारच्या फळीवर असते. ते विकत घेणे ज्याला परवडत नाही, तोही दहा मिनिटे उभ्याने चाळतो. लेखक येऊ शकला नाही तर शिक्षकाने वाचावे, शिक्षकाला जमले नाही तर एखाद्या मुलीने.

करून पाहण्यासाठी

वेळेचा हिशेब सोपा आहे. समजेल अशा गतीने मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द वाचून होतात. चार हजार शब्दांची कथा पस्तीस-चाळीस मिनिटांत संपते. एका तासात कथा आणि चर्चा दोन्ही बसतात. त्यासाठी आमच्या काही सूचना अशा.

वाचणाऱ्याने कथा आधी दोनदा मोठ्याने वाचून पाहावी आणि थांबण्याच्या जागा पेन्सिलीने खुणावाव्यात. लेखकाचे नाव सुरुवातीला सांगू नये, शेवटी सांगावे. परिचय, हार आणि अध्यक्ष यांना त्या दिवशी सुट्टी द्यावी. प्रत्येक श्रोत्याला एक कोरे पोस्टकार्ड द्यावे. जेथे कळले नाही किंवा पटले नाही, तेथे त्याने प्रश्न लिहावा. वाचनानंतर प्रश्न तीन गटांत लावावेत : पुस्तक पाहून उत्तर मिळेल असे, प्रयोग करून मिळेल असे, आणि ज्यांचे उत्तर आज कोणाकडेच नाही असे. तिसऱ्या गटात एक जरी चांगला प्रश्न निघाला, तरी ती संध्याकाळ सार्थकी लागली असे समजावे.

नाशिकच्या शिक्षकांना हे अवघड नाही. जेथे १८४० पासून वाचनालय आहे आणि १९२२ पासून व्याख्यानमाला आहे, तेथे वीस श्रोते आणि एक दुकानदार मिळणे कठीण नसावे. इतर गावांत दुकान नसेल, तर ग्रंथालयाचा ओटा किंवा शाळेचा व्हरांडा चालेल. खुर्ची एकच ठेवावी, वाचणाऱ्यासाठी. प्रश्नांची पोस्टकार्डे जमा झाली की त्यांतली निवडक आमच्याकडेही पाठवावीत. उत्तरे देण्याचा प्रयत्न आम्ही करू, आणि जी आम्हाला येणार नाहीत ती प्रश्न म्हणूनच छापू.